हेडफोनच्या तक्त्यात नेमके हवे तेच नसते

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

वृत्तपत्रांच्या तंत्रज्ञान पुरवण्यांत हेडफोनचे तुलनात्मक तक्ते अधूनमधून येतात, आपल्याही पुरवणीत येतात. रकाने ठरलेले असतात: ड्रायव्हर (कपातला आवाज काढणारा छोटा स्पीकर) किती मिलिमीटरचा, फ्रिक्वेन्सी किती ते किती, बॅटरी किती तास, रंग कोणते. डीजेच्या कामासाठी किंवा मन लावून संगीत ऐकण्यासाठी हेडफोन घेणारा या तक्त्याच्या भरवशावर राहिला तर फसणार, कारण त्याला हवी असलेली माहिती या रकान्यांत बसतच नाही. म्हणून हा पत्रप्रपंच. पत्र लांबले आहे. जागेअभावी कात्री लावावी लागली तर वायरीचा भाग तेवढा वाचवा, तो सहसा कुठे छापून येत नाही.

पहिले दोन रकाने लवकर उरकतो. ‘५ ते ३५,००० हर्ट्‌झ’ असे खोक्यावर असते. धडधाकट तरुण कान साधारण २० ते २०,००० हर्ट्‌झ ऐकतो आणि वयाबरोबर वरची हद्द खाली सरकत जाते, म्हणजे त्यातला बराचसा पल्ला वटवाघळांसाठी आहे. शिवाय ५ हर्ट्‌झला आवाज किती पडलेला आहे, ३ डेसिबलने की ३० ने, हे सांगितलेलेच नसते. ‘अधिक-उणे ३ डेसिबल’ अशी मर्यादा सोबत नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. ड्रायव्हरच्या मापाचेही तेच. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ सालचा हेडफोन ४० मिलिमीटरच्या ड्रायव्हरवर आजही स्टुडिओंत कामाला आहे. ड्रायव्हरच्या थरथरणाऱ्या पडद्याचे वजन, त्याच्या मागची पोकळी, पुढची गादी या सगळ्यांतून आवाज घडतो. नुसत्या व्यासावरून काही कळत नाही.

आता डीजेचे काम. लोकांसमोर एक गाणे वाजत असते आणि पुढचे गाणे फक्त हेडफोनमध्ये, क्यूवर, म्हणजे डीजेने एकट्याने आधी ऐकायच्या वाटेवर. पुढच्या गाण्याची किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, चालू गाण्याच्या किकवर नेमकी बसवायची असते. १२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ ठोके) दोन किकमध्ये ४६९ मिलिसेकंद जातात. जुळणीत ३० मिलिसेकंदांची चूक राहिली तरी कानाला दोन ठोके सुटे ऐकू येतात, ‘धप’च्या जागी ‘धडप’. सर्वसाधारण ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज १५० ते २५० मिलिसेकंद उशिरा पोचतो. सिनेमा बघताना हे जाणवत नाही, कारण फोन चित्रालाही तेवढेच मागे धरतो. डीजेच्या मिक्सरसमोर, म्हणजे गाणी मिसळण्याच्या यंत्रासमोर, कोणी कोणाला मागे धरत नाही. कमी विलंबाच्या खास यंत्रणा आहेत, पण त्या पाठवणाऱ्या आणि ऐकणाऱ्या अशा दोन्ही टोकांना लागतात. तेव्हा डीजेसाठी वायरच. बॅटरीचा रकाना त्याच्यासाठी रिकामा सोडला तरी चालेल.

उशीर हवेतूनही येतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १० मीटरवरच्या स्पीकरचा आवाज डीजेच्या बूथपर्यंत यायला २९ मिलिसेकंद लागतात. हेडफोनमधली किक त्या लांबच्या स्पीकरशी जुळवली तर जुळणी तेवढ्यानेच चुकते. म्हणून जवळ बूथ मॉनिटर, म्हणजे डीजेपुरता वेगळा स्पीकर, ठेवतात आणि एक कान त्याला, एक कान हेडफोनला देतात. मॉनिटर नसेल तर दोन्ही कान झाकून मिक्सरच्या क्यू-मिक्सच्या नॉबने चालू आणि येणारे अशी दोन्ही गाणी हेडफोनमध्येच जुळवावी लागतात. या दोन पद्धतींना हेडफोनकडून वेगवेगळ्या गोष्टी हव्या असतात. एका कानाने ऐकणाऱ्याला कप मागे फिरायला हवा. दोन्ही कान झाकणाऱ्याला बाहेरचा गोंगाट अडायला हवा.

गोंगाट अडवण्याबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. बंद कपाचा हेडफोन वरचे आणि मधले सूर चांगले अडवतो, खालचा बेस फारसा अडवत नाही. सबवूफरचा दणका कपातून, हाडांतून, अगदी छातीतूनही आत येतोच. म्हणजे बूथमध्ये बेस आधीच मुबलक असतो. तिथे बेस फुगवलेला हेडफोन लावला की बाहेरची धडधड आणि आतली धडधड एकमेकांत मिसळतात आणि किकची सुरुवात कुठे झाली तेच सापडत नाही. किकचे टोक, क्लॅप (टाळीसारखा ठोका) आणि हाय-हॅट (झांजेसारखा आवाज) साधारण २ ते ८ किलोहर्ट्‌झमध्ये उठून ऐकू येतात. अनुभवी डीजे गोंगाटात जुळणी क्लॅपवर करतो ती त्यामुळेच. ‘डीजे हेडफोन म्हणजे जोरदार बेस’ असे जाहिरात म्हणते. कामाला लागतो तो गजबजाटातून टोकदार ठोका बाहेर काढणारा हेडफोन.

नॉइज कॅन्सलिंगचेही सांगून टाकतो. ते विमानाच्या एकसुरी घरघरीसाठी फार गुणकारी आहे. बूथमधल्या बेसने मात्र त्याचे माइक भरून जातात आणि कपात फडफड होऊ लागते. काही नमुन्यांत वायर लावली तरी आवाज आतल्या डिजिटल प्रक्रियेतून फिरून येतो, म्हणजे पुन्हा विलंब. प्रवासात ऐकायला तो वेगळा ठेवावा.

घडणीकडे पाहू. सेनहायझरचा एचडी २५ हा १९८८ पासून चालत आलेला हेडफोन डीजेंच्या गळ्यात अजून दिसतो. वायर सोडून वजन १४० ग्रॅम, डोक्यावरची पट्टी दोन फाळ्यांची, एक कप कानावरून मागे फिरणारा आणि कप, गादी, वायर, पट्टी असा जवळपास प्रत्येक भाग सुटा बदलता येणारा. त्याची खोड म्हणजे तो कानाभोवती न बसता कानावरच दाबून बसतो, त्यामुळे गोंगाट चांगला अडतो आणि तास-दोन तासांनी कानाची पाळी दुखू लागते. तक्त्यात या हेडफोनला कुठलाच विशेष आकडा मिळणार नाही. सुट्या भागांचा रकानाच नसतो ना!

दुकानात डीजेसाठी हेडफोन पाहताना गाणे लावण्याआधी बिजागरी पाहावी. कप दोन्ही बाजूंना वीस-तीस वेळा फिरवावा. कुरकुर आली, फिरवताना हाताला खरखर लागली, तर तिथेच पुढे तडा जाणार. हेडफोन बहुधा कपाला धरणाऱ्या काट्याजवळ, स्क्रूच्या भोकापासून मोडतो, कारण तिथे प्लास्टिक सर्वांत पातळ असते आणि एका हाताने ओढून काढताना सगळा पीळ तिथेच पडतो. पट्टीची लांबी वाढवणारे खटके घट्ट हवेत. ढिले खटके तासाभरात खाली सरकतात. एका कपातून दुसऱ्याकडे जाणारी वायर बिजागरीपाशी उघडी लोंबत असेल तर ती घडी घालताना चिमटणार. हे बघायला दोन मिनिटे लागतात आणि कुठलेही उपकरण लागत नाही.

आता ते दोन आकडे जे तक्त्यात हवेतच: इम्पिडन्स आणि सेन्सिटिव्हिटी. पहिला म्हणजे हेडफोनचा विद्युत विरोध, ओहममध्ये; दुसरा म्हणजे ठराविक विजेला तो किती मोठा वाजतो, डेसिबलमध्ये. घोळ असा की सेन्सिटिव्हिटी कोणी एका मिलिवॅटला देतो, कोणी एका व्होल्टला आणि तक्ता करणारा दोन्ही एकाच रकान्यात टाकतो. ३२ ओहमच्या हेडफोनला हे दोन आकडे १५ डेसिबलने वेगळे निघतात, ३०० ओहमच्याला सुमारे ५ ने. तेव्हा ३२ ओहमचा, व्होल्टला ११२ डेसिबलचा हेडफोन आणि ३०० ओहमचा, मिलिवॅटला ९७ डेसिबलचा हेडफोन यांत एका मिलिवॅटला काही फरक नाही, आकडे मात्र जमीन-अस्मानाचे दिसतात. एकक न छापता हा आकडा छापणे म्हणजे ‘अंतर १२’ असे लिहिण्यासारखे.

याचा उपयोग एका उदाहरणाने. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हा एकच हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा वेगवेगळ्या रूपांत मिळतो आणि घेणारा बहुतेक वेळा ‘जास्त ओहम म्हणजे भारी’ समजून २५० चा उचलतो. त्याची सेन्सिटिव्हिटी मिलिवॅटला ९६ डेसिबल. गाण्यातल्या उसळीसाठी ११० डेसिबलपर्यंत जायचे तर १४ डेसिबल जास्त, म्हणजे २५ मिलिवॅट हवेत. २५० ओहमवर २५ मिलिवॅट द्यायला अडीच व्होल्ट लागतात. फोनला हेडफोन जोडायचा साधा सी-टाइप अडॅप्टर साधारण एक व्होल्ट किंवा त्याहून कमी देतो. एका व्होल्टला मिळतात ४ मिलिवॅट, म्हणजे १०२ डेसिबल आणि तिथे सगळे संपले. शांत खोलीत ऐकायला हे पुरेल, बूथमध्ये पुरणार नाही. मग नॉब शेवटापर्यंत जातो, अॅम्प्लिफायर लाटेची टोके कापू लागतो आणि आवाज मोठा न होता कर्कश होतो. डीजे मिक्सरला ३२ ते ७०-८० ओहमचा, चांगल्या सेन्सिटिव्हिटीचा हेडफोन लावावा. २५० किंवा ३०० ओहमचा घ्यायचा तर वेगळा हेडफोन अॅम्प्लिफायर गृहीत धरूनच घ्यावा.

दुसरी बाजूही आहे. यंत्राच्या जॅकलाही स्वतःचा इम्पिडन्स असतो आणि तो हेडफोनच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा असा जुना, कामाचा नियम आहे. ३२ ओहमच्या हेडफोनसाठी ४ ओहम. जॅक ३० ओहमचा असला तर काय बिघडते? डायनॅमिक हेडफोनचा इम्पिडन्स सगळीकडे सारखा नसतो, बेसच्या भागात एके ठिकाणी वर चढतो. तिथे तो ३२ वरून ६० झाला तर त्या ठिकाणचा आवाज बाकीच्यापेक्षा सुमारे २ डेसिबलने फुगतो. ‘हा हेडफोन घरी गोड वाजतो, मिक्सरवर घुमतो’ अशी तक्रार ऐकली की आधी जॅक तपासावा. हेडफोन बहुधा निर्दोष असतो.

मन लावून ऐकणाऱ्याचे गणित उलटे आहे. त्याला गोंगाट अडवायचा नसतो, म्हणून तो मागून उघडा हेडफोन घेऊ शकतो. उघड्या कपात पडद्यामागची लाट अडून परत येत नाही, आवाज मोकळा वाटतो, कानही कमी तापतात. सेनहायझरचे एचडी ६०० आणि एचडी ६५०, दोन्ही ३०० ओहमचे, हे याचे नावाजलेले नमुने. बदल्यात अगदी खालचा बेस हलका पडतो आणि शेजारी बसलेल्याला सगळे गाणे ऐकू जाते. अशा हेडफोनने डीजेचे काम होत नाही. एकाच हेडफोनमध्ये दोन्ही कामे बसवण्याचा हट्ट केला तर दोन्हींकडे तडजोड पदरी येते. त्यातल्या त्यात मध्यम मार्ग हवाच असेल तर ऑडिओ-टेक्निकाच्या एटीएच-एम५०एक्ससारखा बंद कपाचा, ३८ ओहमचा, कप ९० अंशांत वळणारा आणि वायर सुटी होणारा स्टुडिओ हेडफोन घ्यावा. संपूर्ण समाधान मिळेल असे मात्र सांगणार नाही.

तुलना करताना सगळ्यात मोठी चूक होते ती आवाजाच्या पातळीची. दोन हेडफोनमध्ये जो एक-दोन डेसिबलने मोठा वाजतो तो हमखास ‘स्पष्ट’ आणि ‘भरदार’ वाटतो. त्यामुळे आधी निव्वळ बोलण्याचा एक तुकडा लावून दोन्हींची पातळी सारखी करावी, मगच संगीत. पहिल्यांदा एकट्या माणसाचा आवाज: ‘स’ आणि ‘श’ टोचतात का? मग तंबोरा. जवारीची झिलई वर सुटी तरंगायला हवी, षड्जाच्या अंगावर चिकटलेली नको. मग डग्गा: घुमारा ऐकू येतो की नुसता गुबगुबाट? एखादे जुने मोनो ध्वनिमुद्रण लावले तर आवाज डोक्याच्या बरोबर मध्यभागी उभा राहिला पाहिजे. तो एका बाजूला झुकत असेल तर दोन ड्रायव्हर जुळलेले नाहीत. हेडफोन उलटा घालून पाहावा. झुकाव बाजू बदलतो तर दोष हेडफोनचा, त्याच कानाला राहतो तर कानाचा.

शेवटी २० ते २०० हर्ट्‌झपर्यंत हळूहळू चढणारा सूर लावावा. मध्येच भुंग्यासारखी गुणगुण आली तर बहुतेक वेळा डोक्याचा एक केस जाळीतून आत शिरून पडद्याला टेकलेला असतो. गादी काढून तो चिमट्याने ओढला की झाले. यासाठी हेडफोन परत करणारे लोक आहेत.

चष्मा लावणाऱ्याने चष्म्यासकटच ऐकावे. काडीमुळे गादी आणि कानशील यांत फट राहते आणि बंद हेडफोनचा बेस तिथूनच निसटतो. बोटाने गादी हलकेच दाबल्यावर बेस एकदम वाढला तर फट आहे हे नक्की. नवा हेडफोन शंभर तास वाजवून ‘मोकळा’ करावा लागतो असे सांगतात. त्या काळात गादी मऊ होऊन नीट बसू लागते आणि कानाला सवय होते. त्यापलीकडे फारसे काही घडत नाही.

आता वायर. सर्वांत जास्त हेडफोन वायरीने मरतात आणि यातले बरेचसे उगाच फेकले जातात. स्टिरिओ पिनेचे तीन भाग: टोक डाव्या कानाचे, मधले कडे उजव्याचे, बुंध्याकडचा भाग दोघांचा सामाईक परतीचा. परतीची वायर पिनेपाशी तुटली की मजेशीर प्रकार होतो: गायक नाहीसा होतो, तालवाद्ये लांब जातात, कडेची गिटार आणि आवाजाचा घुमारा तेवढा उरतो. कारण परतीचा रस्ता नसल्याने दोन्ही ड्रायव्हर एकामागे एक जोडले जातात आणि त्यांना फक्त डाव्या-उजव्यातला फरक मिळतो. गायक दोन्हीकडे सारखा असतो, तो वजाबाकीत उडतो. ‘गाण्यातून आवाज गेला’ असे कोणी म्हणाले की सॉफ्टवेअर चाळत बसू नये, पीन कापून नवी बसवावी.

बसवताना तीन गोष्टी चुकतात. पिनेचे टोपण आणि आकुंचन नळी (तापवली की जोडावर घट्ट बसणारी) आधी वायरीत ओवायची राहते. सोल्डरचा डाग दिल्यानंतर ती जात नाही, मग सगळे पुन्हा. दुसरे, हेडफोनच्या बारीक रंगीत तारांवर लॅकरचा थर असतो, त्यावर सोल्डर धरत नाही. तार ताज्या सोल्डरच्या थेंबात ३८० ते ४०० अंशांवर काही सेकंद धरून लॅकर जाळावा, तार चकचकीत झाली की मगच जोडावी. लाल बहुधा उजवा, हिरवा किंवा निळा डावा, तांब्याच्या रंगाच्या परतीच्या. पण जोडण्याआधी मीटरने खात्री करावी. परतीच्या तारा दोन असल्या तर दोन्ही एकत्र पिळायच्या, एक विसरली तर एक कान मुका. तिसरे, पिनेवर डाग तीन सेकंदांत द्यावा. रेंगाळले की आतला प्लास्टिकचा इन्सुलेटर वितळतो आणि दोन भाग चिकटतात.

६.३५ मिलिमीटरचा अडॅप्टर स्क्रूचा असावा. नुसता सरकवायचा अडॅप्टर हिसक्यासरशी अर्धवट निघतो आणि भर जुळणीत एक कान जातो. उलट फोनच्या किंवा लॅपटॉपच्या ३.५ मिलिमीटरच्या जॅकमध्ये जड अडॅप्टर लटकवू नये, त्याच्या भाराने आतल्या पात्या वाकतात. तिथे वीतभर लांबीची जोडवायर लावावी. सुटी होणारी वायर चांगलीच, फक्त कपातले भोक इतके अरुंद नको की दुसरी कुठली पीन आतच जाऊ नये.

गाद्यांचे थोडक्यात. कृत्रिम चामडे घामाने आणि दमटपणाने भुरभुरते, त्याचे काळे कण कानाला चिकटू लागले की वेळ झाली असे समजावे. आतला फोम बसला की ड्रायव्हर कानाजवळ येतो, कड नीट टेकत नाही, बेस जातो. बदलीच्या गाद्या मूळ जाडीच्या आणि मूळ भोकाच्या घ्याव्यात. बंद हेडफोनला मखमली गादी लावली की बेस घटतो. तो हेडफोनचा दोष नव्हे.

राहता राहिला कान. अमेरिकेच्या एनआयओएसएच या कामगारांच्या आरोग्यासाठीच्या संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला ८ तासांची आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९४ ला एक तास, १०० ला फक्त १५ मिनिटे. बूथमध्ये १०० डेसिबल असतील आणि कप काहीच अडवत नसेल, तर क्यू त्याच्याही वर न्यावा लागतो. कपाने मधले सूर १५ डेसिबलने अडवले तर क्यूदेखील बराच खाली आणता येतो. म्हणजे गोंगाट किती अडतो हा आकडा सोयीपुरता नाही, कानाच्या आयुष्याचा आहे. क्यू जुळणीपुरता वर करून लगेच खाली आणावा आणि मोकळ्या कानात संगीतासाठीचे, सगळे सूर सारखे कमी करणारे इअरप्लग घालावे. कामानंतर कानात शिटी वाजत असेल तर पातळी जास्त होती.

तेव्हा विनंती एवढीच: पुढच्या तक्त्यात इम्पिडन्स, एककासह सेन्सिटिव्हिटी, गोंगाट किती अडतो, वजन, वायर सुटी होते का आणि गादी, वायर, पट्टी सुटी मिळते का हे रकाने द्यावेत. जागा कमी पडली तर रंगांचा रकाना काढावा.

आपला नम्र,
एक ध्वनितंत्रज्ञ वाचक